मुंबई ते नागपूर : अंतर किती आणि वेळ किती?

"मुंबईहून नागपूर किती दूर आहे?" हा साधा प्रश्न वरच्या इयत्तांतील विद्यार्थ्यांस घातला असता एकच उत्तर मिळत नाही, असा आमचा नेहमीचा अनुभव आहे. आगगाडीने जाऊन आलेला मुलगा सांगतो, ८३७ किलोमीटर. ज्याचे वडील मोटार घेऊन समृद्धी महामार्गाने गेले तो सांगतो, ७०१. तिसरा घरच्या मोबाइलवर विमानाची वाट पाहून आलेला असतो. तो सांगतो, सुमारे ६८०. मग वर्गात वाद माजतो, आणि ज्याचा आवाज मोठा त्याचे उत्तर खरे ठरू पाहते. वस्तुतः तिघेही खरेच बोलत असतात. मात्र आपण काय मोजले, हे तिघांपैकी एकानेही सांगितलेले नसते.

वेळेचीही गोष्ट अशीच आहे. "विमानाने नागपूर किती वेळात येते?" या प्रश्नास कोणी "पाऊण तास" म्हणतो, कोणी "दीड तास" म्हणतो, आणि नुकताच प्रवास करून आलेला थकलेला गृहस्थ "पाच-सहा तास गेले हो!" असे म्हणतो. येथेही तिघे खरे आहेत. आमच्या सुकापुरास हा विषय आता घरचाच झाला आहे. पनवेलजवळील नवी मुंबई विमानतळाचे उद्‌घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले व २५ डिसेंबर २०२५ पासून तेथून प्रवासी विमाने उडू लागली. पूर्वी ज्या घरांत विमान हे केवळ आकाशात पाहण्याची वस्तू होते, त्या घरांतूनही आता तिकिटाची चौकशी होऊ लागली आहे. अशा वेळी अंतर व वेळ हे दोन शब्द विमानाच्या बाबतीत कोणत्या अर्थाने वापरतात, हे विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस उलगडून सांगावे, या हेतूने आम्ही हा लेख लिहीत आहो.

प्रथम अंतराचा विचार करू. आगगाडीस घाट चढावे लागतात. मुंबईहून निघालेली गाडी कसाऱ्याचा घाट चढून इगतपुरी, नाशिक, मनमाड, भुसावळ, अकोला, वर्धा अशी मोठमोठी गावे घेत नागपुरास पोहोचते. डोंगर आडवा आला तर ती वळते आणि मोठे गाव बाजूस असले तर त्याच्या भेटीस जाते. म्हणून तिची वाट ८३७ किलोमीटर भरते. समृद्धी महामार्ग हा ५ जून २०२५ रोजी संपूर्ण खुला झाला. तो अलीकडचा असल्यामुळे त्यास बोगदे व उंच पूल यांचे साहाय्य आहे आणि गावांत शिरण्याचे बंधन नाही. तो ७०१ किलोमीटरांचा आहे. पण तो भिवंडीजवळच्या आमणे गावापासून मोजलेला आहे, मुंबईच्या वेशीपासून नव्हे, हे विसरू नये. विमानास ना घाट, ना गाव. त्याचे अंतर म्हणजे पृथ्वीच्या पाठीवरून दोन विमानतळांमधील सर्वांत आखूड वाट होय.

ही आखूड वाट मोजण्यास विमानात बसावे लागत नाही. नकाशा, पेन्सिल आणि नववीच्या वर्गातील भूमिती एवढे साहित्य पुरेसे आहे. मुंबईचा जुना विमानतळ सुमारे १९.१ अंश उत्तर अक्षांशावर व नागपूरचा सुमारे २१.१ अंशावर आहे. म्हणजे उत्तर दिशेने २ अंशांचा फरक झाला. अक्षांशाचा एक अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर. तेव्हा २ अंशांचे २२२ किलोमीटर झाले. आता पूर्व दिशा पाहू. मुंबई सुमारे ७२.९ व नागपूर सुमारे ७९.१ रेखांशावर, फरक ६.२ अंश. परंतु रेखांशाचा अंश सर्वत्र सारखा नसतो. विषुववृत्तावर तो १११ किलोमीटर असतो, ध्रुवाकडे जावे तसतसा तो आखडत जातो, आणि ६० अंश अक्षांशावर तर निम्माच उरतो. आपल्या २० अंशांच्या सुमारास तो १०४ किलोमीटर धरण्यास हरकत नाही. तेव्हा ६.२ गुणिले १०४ म्हणजे सुमारे ६४५ किलोमीटर झाले.

आता कागदावर काटकोन त्रिकोण काढा. एक भुजा २२२, दुसरी ६४५. पायथागोरसच्या सिद्धांताप्रमाणे दोहोंच्या वर्गांची बेरीज ४,६५,३०९ येते, आणि तिचे वर्गमूळ सुमारे ६८२. हेच मुंबई-नागपूर हवाई अंतर! जे यंत्र क्षणात दाखविते तेच तुम्ही पाच मिनिटांत स्वतः काढू शकता. आणि स्वतः काढलेल्या आकड्याचा एक मोठा लाभ असा की, तो कशाचा आकडा आहे हे मनुष्य सहसा विसरत नाही. नव्या विमानतळावरून मोजल्यास हे अंतर सुमारे १५ किलोमीटरांनी कमी भरते, कारण नवी मुंबई नागपूरच्या बाजूस थोडी सरकलेली आहे.

एक सावधगिरी मात्र सांगणे अवश्य आहे. ही रीत जवळच्या गावांपुरतीच खरी आहे. पृथ्वी गोल आहे आणि आपला कागद सपाट आहे; अंतर थोडे असले म्हणजे हा भेद जाणवत नाही, परंतु अंतर वाढले की तो उघडा पडतो. मुंबई ते लंडन हे अंतर याच त्रिकोणाच्या रीतीने काढले तर सुमारे ७,५६० किलोमीटर येते. खरे अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर आहे. साडेतीनशे किलोमीटरांची ही चूक गुणाकाराची नाही, कागदाच्या सपाटपणाची आहे.

याचा पडताळा शाळेतील पृथ्वीच्या गोलावर सहज घेता येतो. एक दोरा घ्या, त्याचे एक टोक मुंबईवर व दुसरे लंडनवर धरा आणि दोरा ताणून गोलावर बसवा. मग भिंतीवरील सपाट नकाशावर त्याच दोन शहरांना पट्टीने जोडा. गोलावरील दोरा नकाशातल्या रेषेपेक्षा पुष्कळ उत्तरेकडून जातो असे तुम्हांस दिसेल. नकाशावरील सरळ रेषा अरबस्तानाकडे नेते. दोरा अफगाणिस्तान व कास्पियन समुद्राकडे नेतो. नकाशात जी वाट वाकडी दिसते तीच पृथ्वीवर सरळ असते. गोल दोन समान भागांत कापणारे जे मोठे वर्तुळ, त्याचा हा तुकडा असल्यामुळे या वाटेस बृहद्‌वृत्ताची वाट म्हणतात.

तथापि विमान याही वाटेने हुबेहूब जातेच असे नाही. त्यास पहिला अडथळा धावपट्टीचाच असतो. उडताना व उतरताना विमानास समोरून वारा हवा असतो, कारण समोरच्या वाऱ्याने पंखांस लवकर उचल मिळते. मुंबईस बहुधा वारा समुद्रावरून म्हणजे पश्चिमेकडून येतो. म्हणून पूर्वेस नागपूरला निघालेले विमान पुष्कळदा प्रथम पश्चिमेस अरबी समुद्राकडे झेप घेते, आणि मग वळून आपल्या दिशेस लागते! प्रथमच विमानात बसलेले वृद्ध गृहस्थ खिडकीतून समुद्र पाहून "हे भलतीकडेच निघाले की काय?" असे घाबरून विचारतात. त्यांस धीर देण्याचे काम बरोबरच्या नातवाने करावे, म्हणून हे येथे सांगून ठेवतो.

दुसरा अडथळा आकाशातील वाटांचा. आकाश मोकळे दिसते, परंतु विमानांस तेथे नेमून दिलेले मार्ग असतात, आणि जमिनीवरून सतत त्यांस सूचना मिळत असतात. तिसरा अडथळा राष्ट्रांच्या कलहाचा. प्रत्येक देशाच्या भूमीवरील आकाश त्या देशाचे समजले जाते, आणि तो देश ते बंद करू शकतो. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनचे युद्ध पेटल्यावर रशियाचे आकाश युरोपातील विमानांस बंद झाले. तेव्हा फिनलंडमधील हेलसिंकी ते जपानमधील टोकियो हा सुमारे साडेनऊ तासांचा प्रवास तेरा तासांच्या घरात गेला. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने आपले आकाश भारतीय विमानांस बंद केले, त्यामुळे दिल्लीहून युरोप-अमेरिकेस जाणाऱ्या विमानांस अरबी समुद्रावरून वळसा घ्यावा लागला. शहरे जागची हलली नाहीत, पृथ्वीही वाढली नाही. पण माणसांचा सलोखा तुटला आणि अंतर वाढले. भूगोलाच्या पुस्तकात न सापडणारा हा भूगोल आहे.

आता वेळेकडे वळू. सांप्रतचे मोठे प्रवासी विमान उंचावर गेल्यावर ताशी सुमारे ८३० किलोमीटर वेगाने जाते. ६८२ ला ८३० ने भागले तर ४९ मिनिटे येतात. "पाऊण तास" म्हणणाऱ्या मुलाचा हिशेब तो हाच. पण तिकिटावर दीड तासाच्या आसपास वेळ छापलेली असते. मग उरलेली चाळीस मिनिटे जातात कोठे? तिकिटावरील वेळ ही विमान आपल्या जागेवरून हलते त्या क्षणापासून, दुसऱ्या विमानतळावर आपल्या जागी येऊन थांबते त्या क्षणापर्यंतची असते. त्यात धावपट्टीपर्यंत रांगत जाणे आले, पुढच्या विमानांच्या मागे उभे राहणे आले. मग दहा-अकरा किलोमीटर उंची गाठण्यास वेळ लागतो, उतरण्यास त्याहूनही सावकाशी लागते, आणि या दोन्ही अवस्थांत वेग कमी असतो. नागपूरसारख्या जवळच्या शहरी जाताना तर चढण संपते न संपते तोच उतरण आरंभावी लागते. उतरण्याच्या जागी गर्दी असेल तर विमान आकाशात घिरट्या घालीत आपल्या पाळीची वाट पाहते. शिवाय विमान कंपन्या उशीर झाला असे दिसू नये म्हणून थोडी वेळ पदरची घालूनच वेळापत्रक छापतात. म्हणूनच उशिरा सुटलेले विमान कधीकधी वेळेवर पोहोचते.

याखेरीज आणखी एक अदृश्य कारण आहे, ते वाऱ्याचे. पनवेलच्या खाडीत होडी चालविणाऱ्यास हे शिकविण्याची गरज नाही. ओहोटीच्या पाण्याबरोबर खाली जाताना होडी आपोआप धावते. त्याच पाण्यावर उलट यावयाचे झाले तर हात भरून येतात. होडीचा स्वतःचा वेग तोच असतो, पण ज्या पाण्यावर ती तरंगते ते पाणीच वाहत असते. विमानही वाहत्या हवेतील होडी होय. सुमारे दहा-बारा किलोमीटर उंचीवर हवेचे प्रचंड वेगवान प्रवाह असतात. हिवाळ्यात उत्तर हिंदुस्थानावरून असा एक प्रवाह पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो. त्याचा वेग पुष्कळदा ताशी दीडशे-दोनशे किलोमीटरांपर्यंत जातो. पावसाळ्यात आपल्या दक्षिण भागावर त्याच्या उलट, पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहणारा दुसरा प्रवाह असतो. यांपैकी पश्चिमेकडील प्रवाहाचा पत्ता जपानमधील वासाबुरो ओइशी नामक हवामानशास्त्रज्ञाने आकाशात फुगे सोडून लावला, आणि आपला शोध जगाने वाचावा म्हणून १९२६ मध्ये तो एस्परान्तो या नव्याने रचलेल्या भाषेत छापला. ती भाषा जाणणारे थोडे, त्यामुळे त्या शोधाकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. पुढे दुसऱ्या महायुद्धात जपानवर उंचावरून जाणाऱ्या वैमानिकांस त्या वाऱ्याचा प्रत्यक्ष तडाखा बसला. पावसाळ्यातील पूर्वेच्या प्रवाहाचा अभ्यास आपल्या देशाच्या पी. कोटेश्वरम् या शास्त्रज्ञाने केला, ही आपणांस अभिमानाची गोष्ट आहे.

या वाऱ्यामुळे मुंबईहून लंडनला जाण्यास सुमारे साडेनऊ ते दहा तास लागतात, आणि तेथून परत येण्यास त्याहून तास-पाऊण तास कमी. येथे एक मौजेचे गणित सांगतो. वारा नसता तर ताशी ८५० किलोमीटर वेगाने ७,२०० किलोमीटर जाण्यास ८ तास २८ मिनिटे, व जाऊन-येऊन १६ तास ५६ मिनिटे लागतील. आता जाताना ताशी १०० किलोमीटरांचा वारा समोरून व येताना तोच पाठीमागून आहे असे धरा. जाण्यास ९ तास ३६ मिनिटे, येण्यास ७ तास ३५ मिनिटे; बेरीज १७ तास ११ मिनिटे. वाऱ्याने जे घेतले ते सारे परत दिले असे वाटत होते, परंतु पंधरा मिनिटे त्याने ठेवूनच घेतली! याचे कारण असे की, विरुद्ध वाऱ्यात विमान अधिक वेळ राहते व अनुकूल वाऱ्यात कमी वेळ. नाव व प्रवाह यांची उदाहरणे सोडविताना विद्यार्थी कुरकुर करतात. ती उदाहरणे कशासाठी असतात, हे यावरून ध्यानात येईल.

येथवर आपण एकाच घड्याळाने वेळ मोजली. परंतु दूरच्या प्रवासात घड्याळच बदलते. पृथ्वी २४ तासांत ३६० अंश फिरते, म्हणजे एका अंशास ४ मिनिटे. मुंबई व नागपूर यांमध्ये ६.२ अंशांचे अंतर आहे, म्हणून नागपुरास सूर्य मुंबईपेक्षा सुमारे २५ मिनिटे आधी उगवतो. तरी दोन्ही शहरांची घड्याळे एकच वेळ दाखवितात, कारण ८२.५ अंश रेखांशावरील वेळ ही साऱ्या देशाची वेळ ठरविली गेली आहे. १ जानेवारी १९०६ पासून ही प्रमाणवेळ सुरू झाली. परंतु मुंबईने ती चटकन मान्य केली नाही. ३९ मिनिटे मागे असलेली आपली 'मुंबई वेळ' त्या शहराने १९५५ पर्यंत सांभाळली! एकाच गावात दोन वेळा असल्यामुळे गाडी कोणत्या वेळेने सुटणार, असा प्रश्न त्या काळच्या प्रवाशास पडत असे.

लंडनचे घड्याळ आपल्यापेक्षा हिवाळ्यात साडेपाच तास व उन्हाळ्यात साडेचार तास मागे असते. कारण मार्चच्या शेवटच्या रविवारी तेथील लोक आपली घड्याळे तासभर पुढे करतात, व ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी पुन्हा मागे घेतात. आता उन्हाळ्यातील एक प्रवास पाहा. विमान मुंबईहून दुपारी २ वाजता निघाले व साडेनऊ तास उडाले. मुंबईत तेव्हा रात्रीचे साडेअकरा झालेले असतात, पण लंडनच्या घड्याळात संध्याकाळचे ७ वाजलेले असतात. तिकिटावर २ व ७ हेच आकडे छापलेले असल्यामुळे पाचच तासांत लंडन गाठले असा भ्रम होतो. परतीचे विमान तेथून रात्री ९ वाजता निघून नऊ तास उडाले, तर मुंबईत दुसऱ्या दिवशी सकाळचे साडेदहा वाजतात, आणि साडेतेरा तास लागले असे भासते. तात्पर्य, तिकिटावरील दोन वेळांची वजाबाकी करण्यापूर्वी दोन्ही एका घड्याळावर आणल्या पाहिजेत. ज्या मातापित्यांची मुले परदेशी आहेत त्यांसही याचा उपयोग आहे. सुकापुरात पहाटे ६ वाजता आईस मुलाची आठवण येऊन तिने दूरध्वनी केला, तर हिवाळ्यात लंडनला तेव्हा मध्यरात्रीचे साडेबारा वाजलेले असतात. मुलगा दचकून उठतो, आणि घरी काही अशुभ तर घडले नाही ना, या विचाराने त्याची झोप जाते.

आजचे हे साडेनऊ तास कोठून आले, हेही थोडे पाहिले पाहिजे. शिडाची जहाजे आफ्रिकेस वळसा घालून मुंबईस येत, तेव्हा लंडन-मुंबई प्रवास महिन्यांत मोजीत असत. १८६९ मध्ये सुवेझचा कालवा खुला झाला व सुमारे १९,८०० किलोमीटरांची ती समुद्रवाट ११,६०० किलोमीटरांवर आली. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी 'पस मॉथ' जातीच्या लहानशा विमानातून कराचीहून डाक घेऊन सकाळी उड्डाण केले, आणि अहमदाबादेस थांबून ते दुपारी मुंबईस जुहूच्या मैदानावर उतरले. ८ जून १९४८ रोजी 'मलबार प्रिन्सेस' नावाचे विमान मुंबईहून निघाले व कैरो आणि जिनीव्हा येथे थांबत १० जून रोजी लंडनला पोहोचले. जी वाट १९४८ मध्ये थांबत थांबत पार करावी लागे, तीच आज एका झेपेत पार होते.

या इतिहासात आपल्या नागपूरचे स्थान विशेष आहे. १९४९ च्या जानेवारीत रात्रीच्या हवाई डाकेची योजना सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता व मद्रास या चारही शहरांतून रात्री डाकेची विमाने निघत, मध्यरात्रीनंतर नागपुरास एकत्र येत, थैल्यांची अदलाबदल करीत आणि पहाटेपर्यंत आपापल्या शहरी परत जात. नागपूरच का? उत्तर अंतरातच आहे. नागपूरपासून मुंबई सुमारे ६८० किलोमीटर, दिल्ली ८५०, मद्रास म्हणजे आजचे चेन्नई ९१०, व कलकत्ता म्हणजे आजचे कोलकाता ९८५. चारही दिशांस एका रात्रीत जाऊन येण्याजोगे दुसरे मोठे शहर देशात शोधून पाहा, सापडणे कठीण. अंतराचा आकडा नुसता पाठ न करता त्याचा विचार केला म्हणजे काय साधते, याचा हा उत्तम दाखला होय.

आता "पाच-सहा तास गेले" म्हणणाऱ्या त्या थकलेल्या गृहस्थाकडे येऊ. आमच्या मते प्रवाशाच्या दृष्टीने सर्वांत खरा हिशेब त्याचाच आहे, कारण तो घराच्या उंबऱ्यापासून दुसऱ्या घराच्या उंबऱ्यापर्यंत मोजतो. सुकापूरहून मुंबईचा जुना विमानतळ रस्त्याने चाळीस किलोमीटरांच्या घरात आहे. शीव-पनवेल रस्त्यावरची गर्दी धरून तेथे पोहोचण्यास दोन तास राखावे लागतात. देशांतर्गत प्रवासासही दोन तास आधी पोहोचावे असे कंपन्या सांगतात. मग दीड तास विमानाचा, अर्धा तास सामान मिळण्याचा, व अर्धा तास नागपूर शहरातील. एकूण साडेसहा तास झाले. नवा विमानतळ सुकापूरहून सरळ रेषेत सहा-सात किलोमीटरच आहे. तेथे पोहोचण्यास पाऊण तास धरला तरी एकूण सव्वापाच तास होतात. सव्वा तास वाचला! पण विमान काही अधिक वेगाने गेले नाही. आकाशातील दीड तास जसाच्या तसाच राहिला. जे वाचले ते सारे जमिनीवर वाचले.

यावरून दुसरीही एक गोष्ट कळते. आगगाडीत नागपूरचा प्रवास बारा-चौदा तासांचा, परंतु तो बहुधा रात्रीचा असतो. झोपेत गेलेले तास मनुष्य सहसा मोजीत नाही. आणि पुण्यासारख्या जवळच्या गावी जावयाचे तर विमान मुळीच उपयोगाचे नाही. विमानतळावर थांबण्याच्या वेळातच मनुष्य घाट चढून पुण्यास पोहोचेल. वेगवान वाहन ते लवकर पोहोचविणारे वाहन असेच नेहमी नसते. पालकांस आमची विनंती की, तिकीट काढताना केवळ उड्डाणाचा वेळ पाहू नये. विमान सुटण्याची छापील वेळ ही विमानतळावर पोहोचण्याची वेळ नव्हे. सामान घेण्याची खिडकी सुमारे तासभर आधीच बंद होते, आणि फाटकाशी पाच मिनिटे उशिरा आलेल्यास विमान डोळ्यांसमोर असूनही त्यात पाय ठेवता येत नाही. एस. टी. प्रमाणे हात दाखवून ते थांबत नाही.

आपला सव्वा तास वाचला, हे म्हणताना तो कशाच्या मोबदल्यात वाचला हेही मुलांनी जाणून घ्यावे. या विमानतळासाठी उलवे, तरघर, कोंबडभुजे, चिंचपाडा, कोल्ही, कोपर, गणेशपुरी इत्यादी दहा वस्त्यांतील लोकांस आपली घरे सोडून दुसरीकडे वसावे लागले. धावपट्टीच्या आड येणारी उलव्याची टेकडी फोडून सपाट करावी लागली. उलवे नदीचा प्रवाह वळवावा लागला. त्या गावांतील कित्येक मुले आज आसपासच्या शाळांतून शिकत आहेत. आपल्यासाठी जे अंतर कमी झाले ते त्यांच्यासाठी एका परीने वाढले. कारण आजोबांचे शेत, खाडीवरील मासेमारीची जागा व गावाची जत्रा ही आता कोणत्याही वाहनाने गाठता येत नाहीत. विमानतळ नको होता असे आम्ही म्हणत नाही. पण ज्यांनी जागा दिली त्यांची आठवण, डोक्यावरून जाणाऱ्या विमानाकडे पाहताना, आपण ठेवली पाहिजे.

असो. यापुढे कोणी "अमुक शहर किती दूर?" असे विचारले, तर विद्यार्थ्यांनी आकडा सांगण्यापूर्वी उलट विचारावे, "कोणत्या वाटेने? कोठपासून कोठपर्यंत?" आणि "किती वेळ लागतो?" असे विचारले, तर म्हणावे, "कोणत्या दारापासून कोणत्या दारापर्यंत, आणि कोणाच्या घड्याळाने?" आगाऊपणा म्हणून नव्हे, तर खरे उत्तर देता यावे म्हणून. सुटीत करण्याजोगे तीन प्रश्न खाली देतो. उत्तरे वहीत लिहून आणावी. यंत्रावर पाहून नव्हे, रीत दाखवून.

पहिला : पुण्याचा विमानतळ सुमारे १८.६ अंश अक्षांश व ७३.९ अंश रेखांश यांवर आहे. तेथून नागपूरचे हवाई अंतर त्रिकोणाच्या रीतीने काढा.

दुसरा : दुबईचे घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे आहे. मुंबईहून सकाळी १० वाजता निघून सव्वातीन तास उडालेले विमान तेथे उतरेल, तेव्हा तेथील घड्याळात किती वाजले असतील?

तिसरा : आपल्या घरातील किंवा शेजारातील सर्वांत वृद्ध व्यक्तीस विचारा की, त्यांच्या लहानपणी पनवेलहून मुंबईस जाण्यास कोणती वाट होती व किती वेळ लागे. या प्रश्नाचे उत्तर कोणत्याही पुस्तकात छापलेले नाही. म्हणून ते आम्ही सर्वांत आधी वाचू.